मदत हवी आहे: क्रियापदाच्या शेवटचा 'न' अर्गेटिव्हमध्ये कुठे बसवू?

सडा_कातळ: परवा सेमिनार आहे. मराठीचा भूतकाळ अर्गेटिव्ह, म्हणजे क्रियापद कर्त्याकडे न बघता कर्माशी जुळतं. मग आमच्याकडचा 'न' कोणाचा? व्याख्या नकोत, त्या आहेत माझ्याकडे. कृपया लवकर.

खाडीपल्याड: कुठला न? गाव कुठलं? एक वाक्य तरी द्या.

निवृत्त_मास्तर: 'रामाने आंबा खाल्ला' कर्मणी, 'रामाने रावणाला मारले' भावे. प्रयोग नीट शिकलात तर ही इंग्रजी नावं लागत नाहीत.

सडा_कातळ: सर, प्रयोग येतात मला. गाव राजापूरजवळ. आजी म्हणते 'आईने भाकरी केलीन', 'दादाने आंबा खाल्लान'.

वेंगुर्लेकर: ह्या मालवणीच! आम्ही म्हणतो 'तेना माका सांगल्यान'. तुमच्याकडे आमच्याकडून गेलंय.

निवृत्त_मास्तर: उसनं कशाला? रत्नागिरीतल्या जुन्या घरांतून 'केलंन, दिलंन' मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलोय.

खाडीपल्याड: भांडण नंतर. आजी 'दादा गेलान' म्हणते का?

सडा_कातळ: कधीच नाही. 'दादा गेला'.

खाडीपल्याड: मग झालं की! 'केलीन'मधली ई भाकरीची, न आईचा. क्रियापद दोघींशी जुळतंय. प्रमाण मराठीत 'तू भाकरी केलीस'मधला स असाच कर्त्याचा, पण तो 'तू गेलास'मध्येही येतो. तुमचा न गेला-आलाला लागत नाही. म्हणजे तो अर्गेटिव्हला मोडत नाही, उलट अर्गेटिव्ह, म्हणजे 'ने' लागलेल्या, कर्त्याचीच खूण आहे. सेमिनारमध्ये हेच मांडा.

पणजी_मेल: सर्वनामं विसरू नका. 'मी आंबा खाल्ला'त मी-ला ने नाही, गोव्याच्या कोकणीत मात्र हांव-चं हांवें होतं: 'हांवें आंबो खालो'. ऑस्ट्रेलियातल्या डिरबल भाषेत तर नामं अर्गेटिव्ह आणि मी-तू अ‍ॅक्युझेटिव्ह वळणाची, म्हणजे खूण कर्त्याला नाही, कर्माला.

स्लाइडवाला: युनिकोड फॉन्टच वापरा, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जोडाक्षरं फुटतात.

वेंगुर्लेकर: मालवणीचं नाव स्लाइडवर आलं पाहिजे, एवढंच.

खाडीपल्याड: येईल. सडा_कातळ, एक तपासा. 'तो दूध प्यायला', 'तो धडा शिकला' यांत कर्म आहे पण ने नाही. आजी तिथे न लावते का? त्यावरून कळेल न 'ने'च्या मागे जातो की कर्माच्या. थेट विचारू नका, 'मांजराने दुधाचं काय केलं?' असं बोलण्यात काढा.

सडा_कातळ: आजी देवळात गेल्ये. आली की लिहितो.