मदत हवी आहे: पाच वर्षांची मुलगी वाचू बघते, पण लिहायला तयार नाही

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो, लेक सिनियर केजीत आहे, इंग्रजी माध्यमात. घरी मराठीच.

परवा लोकलमध्ये दादर आलं तशी फलकाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, यात द दोनदा आहे!" मी चाटच पडले, कारण द मी तिला बसून कधी शिकवलाच नव्हता. रात्री गोष्ट वाचताना ओळीवर बोट फिरवते, पानं पाठ झालीत, आणि मी एखादा शब्द गाळला की लगेच पकडते.

पेन्सिल मात्र नको. दोन ओळींत मनगट दुखतं म्हणते. इंग्रजी एस आणि आपला ३ उलटे काढते. 'किती' लिहिताना आधी क, मग वेलांटी कुठे द्यायची म्हणून अडून बसते. खरं तर तिचंही बरोबरच आहे, उच्चार नंतर आणि खूण आधी! बाई म्हणतात रोज एक पान गिरवून घ्या. या वयात अक्षरं उलटी येणं सर्रास असतं हे ठाऊक आहे, तरी पालकसभेनंतर धाकधूक होतेच.

सध्या कणीक मळायला देते, ताटात रवा पसरून बोटाने ग म भ न काढून घेते. ते आवडतं तिला.

गिरवणं थोडे महिने थांबवलं तर चालेल का? दोन लिप्या एकदम शिकवताना तुम्ही काय केलंत? आणि मोठ्या टाइपातली, एका पानावर एकच ओळ असलेली मराठी पुस्तकं दादरला कुठे मिळतील?