अपस्मार: पुण्यात आधारगट कुठे मिळेल?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला अपस्मार आहे. औषधांनी झटके आटोक्यात असले, तरी लग्नाचा विषय निघाला की घरात कुजबुज सुरू होते आणि ती गप्प बसते. आम्ही कोथरूडला राहतो. तिला समदुःखी माणसांशी मोकळेपणाने बोलता येईल असे ठिकाण आहे का?

उत्तर १: पुण्यातच संवेदना फाउंडेशनचा अपस्मार आधारगट आहे, तिथे जरूर संपर्क साधावा. पहिल्या भेटीला तुम्हीही सोबत जा, कारण घरच्यांची भीतीही बोलूनच कमी होते.

उत्तर २: हिंदू विवाह कायद्यातील ‘अपस्माराचे वारंवार झटके’ हा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला, त्यामुळे केवळ या आजारामुळे विवाह अवैध ठरत नाही, तरीही तो लपवून लग्न जुळवू नये, असे माझे ठाम मत आहे. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून मूल होऊ देण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, मात्र गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

उत्तर ३: झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, तिला कुशीवर वळवा, आणि झटका ५ मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. हे सारे आज आईलाही वाचून दाखवते.