‘डिप्रेशन’ला नैराश्य म्हणावं का?

रेघोटी: मानसोपचार घेणाऱ्या काही बायकांच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन आहे. सगळी अमूर्त. पाट्या मी मराठीत करतेय. एका ताईंच्या ‘डिप्रेशन’चं मी ‘नैराश्य’ केलं, तर म्हणाल्या, “मी निराश नव्हते गं, मला काहीच वाटत नव्हतं.” चित्रात राखाडीवर राखाडीचे थर, डाव्या कोपऱ्यात नखाने खरवडलंय, तिथे तेवढा खालचा पिवळा दिसतो. काय लिहू?

मोडीवाला: अवसाद. सद् धातू, म्हणजे बसणं. अवसाद म्हणजे खचणं. आशा नसणं हे लक्षण झालं, आजार नव्हे.

सातारकर: अवसाद हिंदी पेपरातला वाटतो. आजोबा गेल्यावर आजी दोन वर्षं चुलीपुढे नुसती बसून असायची. विचारलं की म्हणायची, “मळभ आलंय रे बाळा.”

मोडीवाला: मळभ सरतं हो. आजाराला हवेचं नाव दिलं की घरचे म्हणतात, जाईल आपोआप, आणि गोळ्या बंद करतात. आमच्याकडे झालंय हे.

निळीशाई: मळभ म्हणजे मळ + अभ्र ना? पण ‘अमूर्त’ तरी का? चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलेलं नको असे, ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. त्याला मराठीत अप्रतिरूप आहे, म्हणजे कशाचंच प्रतिरूप नसलेलं. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोही आपण अ‍ॅब्स्ट्रॅक्टवाले नाही म्हणायचा, त्याला माणसाच्या मूळ भावनाच मांडायच्या होत्या. ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहात त्याची १४ चित्रं आहेत, काळ्याकडे झुकलेली. ते १९७१ साली उघडलं. त्याने १९७० मध्येच आयुष्य संपवलं होतं.

सातारकर: अप्रतिरूप कोण वाचणार? अमूर्त रुळलाय.

निळीशाई: रुळला म्हणून बरोबर? दुःख अमूर्त असेल, पण त्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवता येतं.

मोडीवाला: हे पटलं. मूर्त हा मूर्च्छ् धातूतला, म्हणजे घट्ट झालेलं, साकळलेलं. दही लागतं तसं. मूर्च्छाही त्यातलीच.

निळीशाई: म्हणजे रंग साकळून झालेलं प्रत्येक चित्र मूर्तच!

सातारकर: धातू बघून कोणी बोलतं का? आजीला मूर्च्छ् माहीत नव्हता.

रेघोटी: पाट्या शुक्रवारी छापायला जातायत. ताईंना पुन्हा विचारलं. मळभ नको म्हणाल्या. अवसाद दोनदा म्हणून पाहिला, मग म्हणाल्या, “बधिर चालेल का?”

मोडीवाला: बधिर म्हणजे मूळ बहिरा. मनाला कसा लावणार?

सातारकर: दात काढताना हिरडी बधिर करतात, तेव्हा कोण बहिरं होतं?