कापूर ठेवून वास जात नाही
वरती कुणीतरी म्हटलंय की नव्या कापडी कपाटात कापूर ठेवला की वास जातो, तर तसं नाही हो, तो फक्त झाकला जातो. आमच्याकडे आणलं होतं एक, चेन उघडली की नव्या रेनकोटसारखा भपकारा, आणि बाळाची दुपटी त्यातच! पीव्हीसीचं कव्हर होतं ते, शेवटी काढून आठवडाभर गॅलरीत नुसतं लटकवलं तेव्हा कुठे कमी झाला. त्यामुळे घेतानाच पॉलिप्रॉपिलीन नाहीतर सुती कव्हर आणि पावडर कोटिंगवाले स्टीलचे पाइप बघा. फळ्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या) असतील तर ई१ किंवा ई० (म्हणजे कमी वायू सोडणारी प्रत) लिहिलंय का तेही, कारण त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू निघतो, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच, कापलेल्या कडा उघड्या असल्या तर अजून. डांबरगोळ्या मात्र तान्ह्याच्या कपड्यांत अजिबात नको, जी६पीडी (रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, कावीळ होते. आणि हो, वासाच्या नादात राहूनच जातं, ही कपाटं हलकी असतात, पोर लोंबकळलं की अंगावर येतात, पट्टीने भिंतीला बांधा आणि जीन्स-चादरी खालच्या कप्प्यात टाका.