तालुका न्यायालयाच्या इमारतीचा निधी कोण देतो आणि कामावर देखरेख कोणाची?

प्रश्न (तालुका न्यायालयातील वकील):
नमस्कार. आमच्याकडे दिवाणी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे काम दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत येऊन गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. उघड्या सळ्यांना गंज चढला आहे आणि पक्षकार जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात, टंकलेखकांच्या टेबलांमधून वाट काढत, पुकारा ऐकू येईल अशी जागा धरून उभे असतात. बांधकाम विभाग निधी नसल्याचे सांगतो, न्यायालयीन प्रशासन बांधकाम विभागाकडे बोट दाखवते आणि मंत्रालयातून केंद्राचा हप्ता यायचा असल्याचे कळते. पैसा नेमका कोणाचा आणि जाब कोणाला विचारायचा?

उत्तर (निवृत्त शाखा अभियंता):
वकीलसाहेब, तिघेही आपापल्या जागी खरेच बोलत असावेत. अडचण तिथेच आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थाने यांसाठी १९९३-९४ पासून केंद्र पुरस्कृत योजना आहे. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१ मध्ये ती २०२५-२६ पर्यंत वाढवताना संपूर्ण देशासाठी ९,००० कोटी रुपये ठरले, त्यांत केंद्राचे ५,३०७ कोटी होते, आणि वकिलांचे सभागृह, स्वच्छतागृहे व संगणक कक्ष यांचाही तिच्यात समावेश झाला. मात्र केंद्राचा पैसा थेट आपल्या इमारतीच्या नावाने येत नाही. तो राज्याला मिळतो आणि आधीच्या रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे ती ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, अडकली की पुढचा हप्ताही अडकतो.

राज्यात प्रशासकीय मान्यता विधी व न्याय विभाग देतो; तांत्रिक मान्यता, निविदा आणि प्रत्यक्ष काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. माझ्या अनुभवात काम बंद पडण्याचे खरे कारण बहुतेक वेळा 'सुप्रमा', म्हणजे वाढलेल्या खर्चाला लागणारी सुधारित प्रशासकीय मान्यता, हे असते. मूळ अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर केलेले असते, पाया खोदल्यावर काळी माती निघते, मधेच कोणीतरी लिफ्ट किंवा वाढीव कोर्ट हॉल सुचवतो आणि खर्च मंजूर रकमेच्या बाहेर जातो. मग सुप्रमाची फाईल वित्त विभागापर्यंत जाऊन परत येईतो कंत्राटदार मजूर दुसऱ्या कामावर हलवतो. अर्थसंकल्पात कामाचे नाव दिसते, पण समोर टोकन, म्हणजे नाममात्र रकमेची, तरतूद असते. नाव छापून आले म्हणून पेढे वाटणारे मी पाहिले आहेत.

उत्तर (न्यायालयीन कर्मचारी):
देखरेखीबद्दल थोडी भर घालतो. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार दुय्यम न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, त्यामुळे पालक न्यायमूर्ती, म्हणजे त्या जिल्ह्याची देखरेख सोपवलेले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, जिल्ह्याच्या भेटीत बांधकामाचाही आढावा घेतात. केंद्राच्या योजनेतील कामांची प्रगती 'न्याय विकास' पोर्टलवर नोंदवली जाते. परंतु उच्च न्यायालय विचारणा करू शकते, सूचना देऊ शकते. कंत्राटदाराचे देयक मंजूर करणे त्याच्या हातात नाही. झालेल्या खर्चाची तपासणी महालेखापाल करतात, तीही बहुधा नंतर.

उत्तर (वकील, छत्रपती संभाजीनगर):
पाहणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, हे दुखणे जुने आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये येथील खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी देशातील २६ टक्के न्यायालय संकुलांत महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नसल्याचे सांगितले होते आणि बांधकामांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणेचा आग्रह धरला होता. एप्रिल २०२२ मध्ये मुख्यमंत्री व मुख्य न्यायमूर्तींच्या संयुक्त परिषदेत अशा राष्ट्रीय यंत्रणेवर एकमत झाले नाही. राज्ये आपल्या जमिनीवरील आणि तिजोरीवरील ताबा सहजी सोडणार नाहीत, हे मला तरी अनपेक्षित वाटले नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर नेमके काय मागावे?

उत्तर (निवृत्त शाखा अभियंता):
'काम का थांबले' असे विचारू नका; त्यावर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असे छापील उत्तर येईल. मूळ प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय, सुप्रमाच्या प्रस्तावाची सद्यःस्थिती दाखवणाऱ्या टिपणीची प्रत, चालू वर्षात या कामासाठी वितरित झालेल्या निधीचे आदेश आणि मोजमाप पुस्तकाच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीच्या, शेवटच्या नोंदीची सही-तारखेसह प्रत मागा. मोजमाप पुस्तकातील शेवटची तारीख आणि शेवटचे देयक अदा झाल्याची तारीख शेजारी ठेवली की निधी आधी आटला की कंत्राटदार आधी गेला, ते आपल्याला कळेल.