नववीतली मुलगी सतत थकलेली: फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) आत्ता करावं का? मदत हवी आहे

वय १४, खानापूर तालुका. दुपारी वर्गात पेंगते, जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन १०.६ होतं (या वयात १२ हवं). डॉक्टरांनी जंताची गोळी दिली आणि ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज सुरू केली. सहा आठवड्यांनी १०.९. महिन्याभरात साधारण १ ग्रॅम तरी वाढायला हवं होतं.

गोळी चुकलेली नाही, पण मळमळते म्हणून जेवणानंतर घेते, आणि वर लगेच चहा! चहाने लोह कमी शोषलं जातं, म्हणून तो आठवड्यापूर्वी बंद केला. पाळी नियमित, रक्तस्राव जास्त नाही. ताप नाही, वजन घटलेलं नाही. घर शाकाहारी, बी-१२ तपासलेलं नाही. झोप अकरा ते साडेपाच. या वयात आठ-दहा तास लागतात हे माहीत आहे, पण शाळेची एसटी पावणेसातची, त्यात बदल शक्य नाही.

तपासणीला बेळगाव गाठावं लागतं, म्हणून एकाच खेपेत उरकायचंय. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. गोळी चालू असताना केलेलं फेरिटिन ग्राह्य धरतात, की आधी काही दिवस गोळी थांबवावी लागते? आणि सोबत बी-१२, थायरॉइड यांशिवाय आणखी काय विचारावं?