मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला सात हजारांत कुठलं ग्राफिक्स कार्ड चालेल? (एकदा फसून झालंय)

लाल_माती:
नमस्कार मंडळी. आधी मशीन सांगतो. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभा मिनी टॉवर, सेकंडहँड घेतलेला. आय५-४५९०, ८ जीबी रॅम (एकच स्टिक), २४० जीबी एसएसडी, विंडोज १०. पॉवर सप्लाय २९० वॅटचा. मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए.

काम असं: आमच्या सांगलीकडे जत्रा सुरू झाल्या की कुस्त्यांची मैदानं भरतात. मी मोबाईलवर शूट करतो, रात्री कापाकापी करून यूट्यूबवर टाकतो. चितपट झालेला क्षण स्लो मोशनमध्ये दाखवायचा म्हटलं की टाइमलाइन दोन फ्रेम सरकते आणि बसते. पैलवान हवेत लटकलेला, पंखा घरघरतोय, मी बघत बसलोय. भाच्याला जीटीए फाइव्ह खेळायचंय, तो दुय्यम विषय (त्याच्या मते हाच मुख्य).

आता फसल्याचं. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन जाहिरातीवरून '१०५० टीआय ४ जीबी' साडेतीन हजारांना घेतलं. त्याला व्हीजीए पोर्ट होता, म्हटलं बरं झालं, मॉनिटर बदलायला नको. बसवलं, चित्र आलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावही १०५० टीआयच. पण एनव्हिडियाच्या साइटवरचा ड्रायव्हर काही केल्या बसेना. विकणाऱ्याने पेनड्राइव्हवर दिलेला बसला, पण गेम उघडला की दोन मिनिटांत स्क्रीन काळी. तो आता फोन उचलत नाही.

इथला एक दुकानदार म्हणतो, आरएक्स ५८० घ्या, साडेसहात देतो. माझ्या सप्लायला कार्डाची वायरच नाही म्हटलं, तर म्हणे साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) दोन वायरींना कन्व्हर्टर लावून देतो. लावू का? सप्लाय बदलावा तर माझ्या बोर्डाला ८ पिनचा लागतो, बाजारात २४ पिनचे. आरएक्स ६४०० पण बघून ठेवलंय. काय करू?

सोल्डर_आणि_सुपारी:
पहिलं ते कार्ड काढा. जीपीयू-झी (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलंत तर नावाआधी 'फेक' असं लिहून येईल बहुतेक. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं, त्या पिढीपासून एनव्हिडियाने अ‍ॅनालॉग आउटपुटच, म्हणजे व्हीजीएसुद्धा, काढून टाकलं. म्हणजे जो पोर्ट बघून तुम्ही खूश झालात, गफलत तिथेच होती. आत २०१०-११ सालची जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयची चिप असणार, कार्डातलं सॉफ्टवेअर (बायोस) बदलून नवीन नाव चिकटवलेलं. जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, त्याने जाहिरात उडवायच्या आत.

आता ५८०. त्याला १८५ वॅट लागतात. स्लॉटमधून मिळतात जास्तीत जास्त ७५, उरले ११०. साटाच्या एका कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॅट निघतात, दोनांतून १०८. कागदावरच पुरत नाही, आणि तुमच्या टॉवरमध्ये ते दोन्ही कनेक्टर बहुधा एकाच बारीक वायरीवर असणार. असे वितळलेले कनेक्टर माझ्या टेबलावर येतात. शिवाय ५८० मधली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली. दुकानदाराला नमस्कार करा आणि निघा.

२४ चं ८ करणारी वायर मिळते, पण तुम्हाला सप्लाय बदलायची गरजच नाही. पिन नसलेलं, सगळी वीज स्लॉटमधून घेणारं कार्ड घ्या. तुमचा प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड ७५, २९० मध्ये आरामात बसतं.

पुणेरी_प्रॉक्सी:
+१. सेकंडहँड जीटीएक्स १६५० शोधा. काही मॉडेलना ६ पिन असते, फोटोत कार्डाची वरची कड नीट बघा. एका पंख्याचं आखूड घ्या, आधी कॅबिनेटच्या आत पट्टीने मोजा.

खरं १०५० टीआय स्वस्त मिळेल, पण त्याचे गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला संपले, पुढे फक्त सुरक्षेचे, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. १६५० पुढच्या पिढीचं, अजून चालू यादीत आहे. आरएक्स ६४०० तुमच्यासाठी नाही. ते स्लॉटच्या सोळापैकी फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, आणि तुमचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० चा, म्हणजे डेटा ये-जा करायचा वेग अर्धा. आणि त्यात व्हिडिओ एन्कोडरच (एक्सपोर्ट झपाट्याने करणारा भाग) नाही. एडिटिंगवाल्याने ते घेऊन करायचं काय?

एक फुकटचा उपाय मात्र कार्ड घेण्याआधी करा. मोबाईलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ जास्त दाबून साठवायचा नवा प्रकार) चालू असेल तर जुना एच.२६४ करा. तुमच्या प्रोसेसरमधल्या इंटेल एचडी ४६०० ग्राफिक्सला एचईव्हीसी धड उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. जुन्या क्लिपांच्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) बनवून त्यावर काम करा.

लाल_माती:
दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. जीपीयू-झीत 'फेक' आलं. पैसे गेले ते गेले.

एचईव्हीसी चालूच होतं. बंद करून नवीन मैदान शूट केलं तर टाइमलाइन निम्म्याहून जास्त सुधारली, रुपयाही न घालता! तरी कार्ड घेतलंच, भाच्याला शब्द दिला होता. कोल्हापुरात एकाकडे १६५०, एका पंख्याचं, पिन नसलेलं, सहा हजार आठशे. भाचा मागे टॉवर मांडीवर घेऊन बसला, स्कूटीवरून गेलो आणि त्यांच्या घरीच लावून बघितलं. जीपीयू-झीत चिप टीयू११७, ८९६ कोअर, म्हणजे खरं १६५०, नावाआधी काही नाही. वीस मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवलं, मग पैसे दिले.

घरी आल्यावर स्क्रीन काळी. पोटात गोळा. भाचा म्हणाला, "मामा, वायर जुन्याच पोर्टात आहे." एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणलेला, तो खिशातच.

बारा मिनिटांच्या क्लिपच्या एक्सपोर्टला अर्धा तास लागायचा, आता सात मिनिटं. दोघांचे आभार. आता रॅम: डीडीआर३ ची ८ जीबीची दुसरी स्टिक वेगळ्या कंपनीची चालेल का?

सोल्डर_आणि_सुपारी:
सहसा चालते, १६०० ची घ्या. लॅपटॉपची आखूड स्टिक गळ्यात मारतील, तेवढं बघा.